मापुतो शहराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोझांबिकची राजधानी मापुतो. मराठी वाचकांकडून या शहराबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खरोखर बरंच आहे.

मापुतो नेमकं कुठे आहे आणि किती मोठं आहे?

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, हिंदी महासागराच्या एका मोठ्या उपसागराच्या पश्चिम काठावर. मोझांबिकचा किनारा जवळपास अडीच हजार किलोमीटर लांब आहे आणि राजधानी त्याच्या अगदी दक्षिण टोकाला. दक्षिण आफ्रिकेची सीमा इथून शंभर किलोमीटरच्या आत येते, तर देशाची उत्तर सीमा दोन हजार किलोमीटरच्या पलीकडे राहते. उत्तरेतल्या लोकांची 'राजधानीला आमचं दिसत नाही' ही तक्रार जुनी आहे आणि नकाशा पाहिला की पटते.

2017च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे 11 लाख. पण शेजारचं मातोला आता मापुतोला चिकटलंय आणि तिथेही 10 लाखांहून जास्त लोक राहतात. सकाळी कामाला येणारी गर्दी पाहिली तर दोन्ही मिळून एकच शहर धरावं लागतं.

जुन्या पुस्तकांत 'लोरेन्सो मार्केस' असं शहर सापडतं. ते हेच का?

हो. लोरेन्सो मार्केस हा पोर्तुगीज व्यापारी-खलाशी 1544मध्ये या उपसागरात आला. पुढे त्याचंच नाव आधी उपसागराला आणि मग वस्तीला पडलं. इंग्रज मात्र उपसागराला डेलागोआ बे म्हणत. म्हणून जुन्या पत्रव्यवहारात आणि वर्तमानपत्रांत डेलागोआ बे दिसलं तरी जागा हीच समजावी.

देश 25 जून 1975ला स्वतंत्र झाला आणि 3 फेब्रुवारी 1976ला राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांनी शहराचं नाव मापुतो केल्याचं जाहीर केलं. मापुतो ही दक्षिणेकडची नदी. स्वातंत्र्यलढ्यात 'रोवुमापासून मापुतोपर्यंत' ही घोषणा गाजली होती. रोवुमा उत्तर सीमेवरची नदी, मापुतो दक्षिणेकडची. त्या घोषणेतलं दुसरं टोक राजधानीला मिळालं.

1544मध्ये पोर्तुगीज आले, मग शहर इतक्या उशिरा कसं वसलं?

कारण त्यांना इथे फक्त हस्तिदंत हवा होता. जहाज यायचं, किनाऱ्यावर थोडे दिवस व्यापार करायचं आणि निघून जायचं. पोर्तुगीजांचं खरं बस्तान उत्तरेला, मोझांबिक बेटावर होतं.

मधल्या काळात बाकीच्यांनीही इथे पाय रोवून पाहिले. 1721 ते 1730 डचांचा किल्ला होता. हिवतापाने त्यांची माणसं धडाधड मेली. 1777मध्ये विल्यम बोल्ट्स हा बंगालमधून ईस्ट इंडिया कंपनीने हाकललेला माणूस ऑस्ट्रियाच्या झेंड्याखाली आला आणि त्याने इथे वखार थाटली. ती उठवायला 1781मध्ये जे लष्करी जहाज आलं, ते लिस्बनहून आलं नव्हतं, गोव्याहून आलं होतं. त्यानंतर पोर्तुगीजांनी कायमची शिबंदी ठेवली, पण तीही नावापुरतीच. 1833मध्ये झुलू राजा डिंगानेच्या सैन्याने गव्हर्नरला पकडून ठार मारलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे एक किल्ला, थोडी घरं आणि भोवती दलदल, एवढाच पसारा होता.

मग अचानक राजधानी कशी झाली?

सोन्यामुळे. आणि ते सोनं इथलं नव्हतं.

शेजारी, आजच्या दक्षिण आफ्रिकेत, ट्रान्सवाल हे बोअरांचं, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्यांचं, प्रजासत्ताक होतं. त्याला समुद्र नव्हता, आणि ब्रिटिशांच्या बंदरांवर अवलंबून राहणं त्यांना नको होतं. त्यांच्यासाठी सर्वांत जवळचं बंदर हेच. ब्रिटन आणि पोर्तुगाल दोघेही उपसागरावर हक्क सांगत होते. वाद फ्रान्सचे अध्यक्ष मॅकमेहन यांच्याकडे लवादाला गेला आणि त्यांनी 24 जुलै 1875ला पोर्तुगालच्या बाजूने निकाल दिला. (मापुतोत आजही सर्वाधिक खपणाऱ्या बिअरपैकी एक 'दोईश एम', म्हणजे दोन एम, ती याच मॅकमेहनच्या नावाची.)

1886मध्ये ट्रान्सवालमधल्या विटवॉटर्सरँडला सोनं सापडलं आणि सगळं चित्र पालटलं. 1887मध्ये वस्तीला शहराचा दर्जा मिळाला, 1895मध्ये प्रिटोरियापर्यंतची रेल्वे सुरू झाली आणि 1898मध्ये राजधानी मोझांबिक बेटावरून इथे हलवली गेली. बोअर युद्धात प्रिटोरियाच्या कैदेतून पळालेला तरुण विन्स्टन चर्चिल डिसेंबर 1899मध्ये मालगाडीत लपून इथेच पोहोचला. पुढच्याच वर्षी हरत आलेले बोअर अध्यक्ष पॉल क्रूगर यांनी याच बंदरातून डच युद्धनौकेवर चढून देश सोडला.

रेल्वेने माल उतरवला तशी माणसं वर नेली. दक्षिण मोझांबिकचे हजारो तरुण दरवर्षी खाणींत जात. पोर्तुगीज सरकारने त्याचे रीतसर करार केले आणि मजुरांच्या पाठवणीवर स्वतः पैसा कमावला. जे खाणीत गेले नाहीत त्यांच्यावर 'शिबालो', म्हणजे वेठबिगार, लादली जाई. बंदराचे धक्के, रस्ते, रुंद हमरस्त्यांच्या दुतर्फा दिसणारा तो सगळा देखणा थाट त्या घामावर उभा आहे. शहराचं सौंदर्य सांगताना ही बाजू गाळणं मला मान्य नाही.

रेल्वे स्टेशन आयफेलने बांधलं, हे खरं का?

नाही. कित्येक प्रवासी माहितीपत्रकांत हे छापलेलं असतं, पण घुमटाचं हे स्टेशन पोर्तुगीज अभियंत्यांनी आराखडा करून विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बांधलं. हिरवट-पांढरा दर्शनी भाग, वर तांब्याचा घुमट, आत लोखंडी खांबांचे फलाट. मुंबईच्या सीएसएमटीएवढा पसारा नाही, पण आत शिरल्यावर प्रमाणबद्धता डोळ्यांत भरते. इथून अजूनही गाड्या सुटतात, आणि एका भागात रेल्वेचं संग्रहालय आहे.

आयफेलचंच नाव ज्याला जोडतात अशी दुसरी इमारत म्हणजे 1892ची 'लोखंडी घर' ही पत्र्याची वास्तू. ती गव्हर्नरच्या निवासासाठी आणली होती. या हवेत लोखंडी भिंतींच्या आत राहणं अशक्य, हे लवकरच सगळ्यांना कळलं.

'सिमेंटचं शहर' आणि 'बोरूचं शहर' म्हणजे काय?

मापुतो समजून घ्यायचं तर हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

वसाहतीच्या काळात उंचवट्यावर आणि समुद्राकडे गोऱ्यांचं शहर होतं: डांबरी रस्ते, झाडं, पक्क्या इमारती. हे 'सिमेंट'. त्याच्या मागे, सखल आणि पाणी साचणाऱ्या जमिनीवर आफ्रिकी लोकांची वस्ती. तिथल्या घरांच्या भिंती बोरूच्या कुडाच्या, पुढे लाकूड आणि पत्र्याच्या. म्हणून तिचं नाव 'कानिसू', बोरू. गरिबी हे एकच कारण नव्हतं. आफ्रिकी माणसाला तिथे पक्कं घर बांधायची परवानगीच नव्हती. उद्या सिमेंटच्या शहराला जागा लागली तर वस्ती झटक्यात उठवता यावी, हा हिशेब. काही कुटुंबं आतल्या बाजूने, रात्री, कोणाला दिसणार नाही अशा बेताने विटांची भिंत उभारत आणि बाहेरून पत्रा तसाच ठेवत.

आज कुड जवळपास गेला, सिमेंटचे ठोकळे आले. पण गटारं, नळ आणि पाण्याचा निचरा यांची रेषा अजून बरीचशी तिथेच आहे जिथे ती 1960मध्ये होती. पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं ते पाहा, जुनी सीमा लगेच कळेल.

माफालालाचं नाव सगळे का घेतात?

कारण बोरूच्या शहरातल्या या एका मोहल्ल्याने देशाला जेवढं दिलं तेवढं क्वचितच कुठल्या वस्तीने दिलं असेल. फुटबॉलपटू युसेबियो 1942मध्ये इथेच जन्मला, इथल्या धुळीत खेळला आणि 1966च्या विश्वचषकात पोर्तुगालसाठी नऊ गोल करून सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला. कवी जुझे क्राव्हेरिन्या इथलेच. 1991मध्ये पोर्तुगीज भाषेतला सर्वोच्च मानला जाणारा कामोईश पुरस्कार मिळालेले ते पहिले आफ्रिकी लेखक. वसाहती पोलिसांनी त्यांना काही वर्षं तुरुंगात डांबलं होतं. कवयित्री नोएमिया दि सोउझा इथे राहिल्या, आणि तरुणपणी परिचारक म्हणून नोकरी करणारे समोरा माशेलही.

'माराबेंता' हे शहराचं स्वतःचं संगीतही याच उपनगरांतून आलं. गिटारचा पटापट धावणारा सूर, रोंगा आणि शांगाना भाषेतली गाणी, खाणीतून परतलेल्या मजुरांच्या गोष्टी. फानी म्पफुमो आणि दिलों जिंजी ही नावं शोधून ऐका. माफालालाचे तरुण आता वस्तीतून पायी फेरी घडवतात. पाहुण्यांनी ती करावी, आणि पैसे वस्तीतल्याच मार्गदर्शकाला द्यावेत.

स्वातंत्र्याच्या वेळी शहरात काय घडलं?

एप्रिल 1974मध्ये लिस्बनची हुकूमशाही कोसळली. सप्टेंबर 1974मध्ये लुसाका करार होऊन सत्ता फ्रेलिमो या मुक्तिसंघटनेकडे जाणार हे ठरलं, त्याच दिवशी चिडलेल्या गोऱ्यांच्या एका गटाने शहरातलं रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं. काही दिवस शहरात हिंसाचार झाला आणि त्यात मेलेल्यांपैकी बहुतेक उपनगरांतले काळे लोक होते. 25 जून 1975ला माशावाच्या मैदानावर नवा झेंडा चढला.

त्यानंतर पोर्तुगीजांची रीघ लागली ती परत जाण्यासाठी. डॉक्टर, अभियंते, रेल्वेचे चालक, दुकानदार. जाताना काहींनी यंत्रंही मोडून टाकली. 3 फेब्रुवारी 1976ला, शहराचं नाव बदललं त्याच दिवशी, भाड्याने दिलेल्या सगळ्या इमारतींचं राष्ट्रीयीकरण जाहीर झालं. बोरूच्या शहरातली कुटुंबं सिमेंटच्या शहरातल्या बहुमजली इमारतींत राहायला गेली. लिफ्ट दुरुस्त करणारा देशात उरला नव्हता, पाणी वरच्या मजल्यावर चढत नव्हतं, तरीही ज्यांना संध्याकाळनंतर त्या रस्त्यांवर पोलीस अडवत, त्यांच्या हातात तिथल्या घराची किल्ली आली. त्या एका दिवसाचं मोल फार मोठं आहे.

रस्त्यांना मार्क्स, लेनिन, माओ यांची नावं अजून आहेत का?

आहेत. कार्ल मार्क्स, व्लादिमीर लेनिन, हो ची मिन्ह, माओ, किम इल सुंग, ज्युलियस न्येरेरे, सगळे मार्ग एकमेकांना छेदत जातात. समाजवादी धोरण सरकारने केव्हाच सोडलं, पाट्या राहिल्या.

सर्वांत गमतीशीर आहे '24 जुलै मार्ग'. हे नाव पोर्तुगीजांनी 1875च्या लवादाच्या निकालासाठी दिलेलं. मग 24 जुलै 1975ला नव्या सरकारने शाळा, दवाखाने वगैरेंचं राष्ट्रीयीकरण केलं, आणि पाटी न बदलता रस्त्याचा अर्थ बदलला.

गोव्याचा मापुतोशी काय संबंध?

बराच, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. 1752पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. त्यानंतरही गोमंतकीय डॉक्टर, कारकून, धर्मगुरू, वकील तिकडे जात राहिले. दीवचे आणि गुजरातचे व्यापारीही मोठ्या संख्येने आले. शहराच्या दक्षिणेला सालामांगा इथे शतकभर जुनं हिंदू मंदिर आहे.

दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बंदरांनी एकच काम केलं. अमेरिका आणि जपान यांनी एकमेकांच्या अडकलेल्या नागरिकांची पहिली मोठी अदलाबदल जुलै 1942मध्ये लोरेन्सो मार्केसला केली, आणि दुसरी ऑक्टोबर 1943मध्ये मुरगावला. पोर्तुगाल तटस्थ होता म्हणून.

मग 19 डिसेंबर 1961. गोवा मुक्त झाला आणि त्याचा सूड सालाझारच्या सरकारने मोझांबिकमधल्या भारतीय पासपोर्ट असलेल्या लोकांवर उगवला. त्यांना छावण्यांत कोंडलं, मालमत्ता जप्त केली आणि देशाबाहेर काढलं. गोव्यात आपण तो दिवस साजरा करतो तेव्हा या कुटुंबांचीही आठवण ठेवायला हवी. त्यांनी त्या मुक्तीची किंमत हजारो मैलांवर मोजली.

आणि एक नाव प्रत्येक गोमंतकीयाला ठाऊक असावं: आकिनो दि ब्रागांसा. 1924मध्ये बार्देशात जन्म, पोर्तुगीज वसाहतींच्या मुक्तिलढ्यांचे पत्रकार आणि विचारवंत, पुढे मापुतोच्या एदुआर्दो मोंदलाने विद्यापीठात आफ्रिकी अभ्यास केंद्राचे संचालक आणि माशेल यांचे विश्वासू सल्लागार. 19 ऑक्टोबर 1986ला दक्षिण आफ्रिकेतल्या म्बुझिनीच्या डोंगरावर माशेल यांचं विमान कोसळलं, त्यात तेही गेले. त्या अपघाताचं गूढ आजही पुरतं उलगडलेलं नाही. उलट दिशेचं उदाहरण म्हणजे लेखक ऑर्लांदो दा कोश्ता: जन्म लोरेन्सो मार्केसचा, बालपण मडगावचं. पोर्तुगालचे माजी पंतप्रधान आंतोनियो कोश्ता त्यांचे पुत्र.

गोपाळ कृष्ण गोखले इथे आले होते का?

हो, दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटोपून नोव्हेंबर 1912मध्ये ते याच बंदरातून परतीला निघाले. गांधीजी आणि त्यांचे सहकारी कॅलनबाख त्यांना झांझिबारपर्यंत सोडायला गेले. त्याआधी दोन-तीन वर्षं याच बंदराची वेगळी ओळख होती: ट्रान्सवाल सरकार भारतीय सत्याग्रहींना सीमेपार आणून इथून बोटीत बसवून हिंदुस्थानात हद्दपार करत असे, आणि पोर्तुगीज अधिकारी त्याला हातभार लावत.

यादवी युद्धाची झळ राजधानीला लागली का?

1977 ते 1992 हे युद्ध चाललं. रेनामो या बंडखोर संघटनेला आधी ऱ्होडेशियाने (आजचा झिंबाब्वे) आणि मग वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने पोसलं. शहरावर मोठी चढाई झाली नाही, पण बाहेर जाणारे रस्ते धोक्याचे झाले, वीज जाई, आणि खेड्यांतून जीव मुठीत घेऊन आलेल्यांनी उपनगरं भरली. 1983च्या सुमारास दुकानांत कोबी आणि कारापाउ नावाचा स्वस्त मासा, यापलीकडे काही मिळत नसे. वयस्कर मापुतोकर त्या काळाला अजून 'कोबीचे दिवस' म्हणतात. त्याच वर्षी सरकारनेही मोठा अन्याय केला. 'बिनकामाचे' ठरवून शहरातल्या हजारो लोकांना दूर उत्तरेला नियासा प्रांतात पाठवलं. कित्येक परतलेच नाहीत.

दक्षिण आफ्रिकेचे हस्तक शहरात घुसून मारत. 17 ऑगस्ट 1982ला वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या दक्षिण आफ्रिकी लेखिका रूथ फर्स्ट विद्यापीठातल्या आपल्या कचेरीत लिफाफ्यातल्या बॉम्बने मारल्या गेल्या. एप्रिल 1988मध्ये गाडीतल्या बॉम्बने त्याच लढ्यातले वकील आल्बी साक्स यांचा हात आणि एक डोळा गेला. तेच पुढे स्वतंत्र दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयात न्यायाधीश झाले.

किल्ल्यात काय पाहावं?

लाल दगडाचा लहानसा किल्ला, सध्याचं बांधकाम बहुतेक 1940च्या दशकातलं. आत एका दालनात लाकडी कोरीव शवपेटी आहे. गाझा साम्राज्याचे शेवटचे राजे गुंगुन्याने यांना पोर्तुगीजांनी डिसेंबर 1895मध्ये पकडून अझोरेस बेटांवर नेलं; 1906मध्ये ते तिथेच वारले. 1985मध्ये त्यांचे अवशेष म्हणून थडग्यातली माती परत आणली, तीच या पेटीत. त्यांना पकडणाऱ्या मौझिन्यो दि आल्बुकेर्कचा घोड्यावरचा पुतळा पूर्वी महापालिकेसमोर होता, तोही आता याच किल्ल्याच्या अंगणात आणून ठेवलाय. एवढ्याशा जागेत दोघंही आहेत. अर्धा तास तरी थांबा.

खायला काय मिळतं? शाकाहारी माणसाचं भागेल का?

भागेल, आणि तेही ओळखीच्या पदार्थावर. मापुतोच्या कोपऱ्याकोपऱ्यावर 'बाजिया' मिळतात. भारतीयांनी नेलेली भजीच ती, फक्त बेसनाऐवजी चवळीच्या वाटणाची. तळणारी बाई कढईतून झाऱ्याने उपसते, ताज्या पावाला मधून चीर देते, चार-पाच बाजिया आत दाबते आणि वर पिरी-पिरी मिरचीचा ठिपका. शाळेची पोरं आणि बांधकामावरचे मजूर हेच खाऊन दिवस काढतात. मुंबईकराला वडापाव आठवणारच. समोसा इथे 'शामुसा' आहे, पण आत बहुधा खिमा असतो, विचारून घ्या.

'मातापा' चुकवू नका: कसाव्याची पानं उखळात कांडून, शेंगदाण्याचं कूट आणि नारळाचं दूध घालून शिजवलेली भाजी. त्यात कोळंबी घालतात, म्हणून 'सें कामारांव' म्हणजे कोळंबीविना असं आधी सांगावं. मासे खाणाऱ्यांना काही सांगायला नको. इथली कोळंबी साऱ्या दक्षिण आफ्रिकेला खेचून आणते.

शहरात फिरायचं कसं?

बहुतेक लोक 'शापा' नावाच्या खचाखच मिनीबसने फिरतात. शापा कमी पडल्या की उघड्या ट्रकमध्ये उभं राहून जातात. त्या ट्रकना 'माय लव्ह' म्हणतात, कारण पडू नये म्हणून शेजाऱ्याला मिठी मारावी लागते. छोट्या अंतराला 'चोपेला', म्हणजे आपली तीनचाकी रिक्षा, बऱ्याचदा भारतीय बनावटीची. मीटर नसतो, भाडं आधी ठरवा.

काटेंबेचा पूल म्हणजे कोणता?

खाडीपलीकडच्या काटेंबेला पूर्वी फेरीबोटीने जावं लागे. नोव्हेंबर 2018मध्ये चिनी कर्जातून चिनी कंपनीने बांधलेला झुलता पूल खुला झाला. मधला गाळा 680 मीटरचा, आफ्रिकेतल्या झुलत्या पुलांमध्ये सर्वांत लांब. दक्षिणेकडच्या अभयारण्याकडे आणि सीमेकडे जाणं सोपं झालं. टोल मात्र काटेंबेच्या रोजच्या प्रवाशाला जड जातो.

आज शहर शांत आहे का?

एरवी हो, पण महागाई आणि बेरोजगारीचा राग आत धुमसतो. 2008मध्ये शापाच्या भाड्यावरून आणि सप्टेंबर 2010मध्ये पावाच्या किमतीवरून रस्ते पेटले होते. 9 ऑक्टोबर 2024च्या निवडणुकीनंतर निकाल खोटा असल्याचा आरोप करत तरुण महिनोन्‌महिने रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे जीव गेले. त्या काळात रात्री ठरल्या वेळी लोक खिडक्यांत उभे राहून भांडी वाजवत, सिमेंटच्या शहरात आणि उपनगरांतही. जाण्यापूर्वी ताज्या बातम्या जरूर पाहा.

कोणत्या महिन्यात जावं?

मे ते सप्टेंबर हवा कोरडी आणि सुखाची. ऑक्टोबरात जाकारांडा जांभळा होतो, आणि वर्षअखेरीस गुलमोहर फुलतो. मापुतोला 'बाभळींचं शहर' म्हणतात, त्यातली लाल 'बाभूळ' म्हणजे आपला गुलमोहरच. जानेवारी-फेब्रुवारीत उकाडा, पाऊस आणि डास. हिवताप इथे आहे, डॉक्टरांना विचारून औषध घेऊनच निघा.

फोटो काढायला हरकत असते का?

किल्ला, स्टेशन, बाजार इथे सहसा नाही. माणसांना मात्र विचारा, आणि आभार मानताना 'कानिमाम्बो' म्हणा. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, लष्करी जागा आणि पोलीस यांच्यावर कॅमेरा रोखू नका. पासपोर्टची साक्षांकित प्रत खिशात असू द्या, कारण पोलीस रस्त्यात कागद मागतात.